तिघींची बोली

गेल्या पावसाळ्यात चंद्रपूरच्या चित्रपट मंडळातून एका प्राध्यापकांचा फोन आला.

"बाई, या महिन्यात एक रशियन सिनेमा दाखवतोय. गुन्हेगारीवरचा आहे. त्यात बहिऱ्यांची टोळी आहे. तुमची सगळी नोकरी बहिऱ्यांच्या शाळेत गेली, त्यांच्यासाठी कोर्टकचेऱ्याही केल्या तुम्ही. सिनेमा संपल्यावर दहा मिनिटं बोलाल का?"

रशिया म्हटलं की मला लहानपणी मिळणारी ती गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं आठवतात. त्यापलीकडे त्या देशाशी माझं देणंघेणं नाही. पण निवृत्तीनंतर कोणी बोलायला बोलावलं की मी नाही म्हणत नाही, हा माझा दुर्गुण घरात सगळ्यांना माहीत आहे. एकटी कुठे जाऊ म्हणून विलासला सोबत घेतलं. विलास माझा जुना विद्यार्थी. जन्मापासून ऐकू येत नाही, आता घुग्घुसला वेल्डिंगचं दुकान चालवतो आणि रोज बायकोशी व्हिडिओ कॉलवर हातांनी भांडतो.

सिनेमा चांगला होता म्हणतात. मला त्यातलं अर्धंच कळलं. मोठं शहर, थंडी, बहिऱ्यांचा एक म्होरक्या, त्याचा अड्डा. सौदे हातांनी, धमक्या हातांनी, जिवावर उठणंही हातांनीच ठरायचं. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. विलासला ना इंग्रजी येत, ना रशियन खुणा. सगळ्या जगातल्या बहिऱ्यांची एकच भाषा असते असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं. शिव्या आणि धमक्या मात्र त्याला बरोबर कळत होत्या, आणि तो खुशीत होता. मध्येच त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि पडद्याकडे बोट दाखवून खुणेनं म्हणाला, "केवढे लोक!"

गुन्हा, पिस्तूल, पळापळ, कशाचंच त्याला अप्रूप नव्हतं. एका खोलीत हातांनी बोलणारे एवढे लोक, एवढंच तो बघत होता.

दिवे लागल्यावर एका तरुणानं विचारलं, "मॅडम, आपल्या भागात असतात का असे बहिरे गुन्हेगार?"

मी म्हटलं, "असतीलही, माणसंच आहेत ती. पण टोळी करायला आधी दोघं तरी एकमेकांना सापडावी लागतात, बाबा. आमच्याकडे तेवढंसुद्धा होत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले आणि ताटावर बसून तशीच उठले. त्या टाळ्यांचा मला राग आला होता. टाळ्या वाजवण्यासारखं मी काही बोललेच नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर शेवंता होती. तिथे दहा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण ते पुष्कळांना माहीत नसतं. मी मुळात तोंडाळ. मुक्यांच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं बापा, बोलणाऱ्याईत तुह्यासमोर कोणी टिकलं नसतं." खरं तर मुकी ती नसतातच. तोंड धड असतं, कान बंद असतात. कानावर पडत नाही म्हणून ओठांवर येत नाही. आमच्या काळी वर्गात खुणांना बंदी होती. मुलांना बोलतं करायचं, असा नियम होता. 'प' शिकवायचा तर तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची, ती फडफडली की 'प' आला. 'ग'साठी मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. एकेका अक्षरापायी महिने जायचे. आणि तीच मुलं संध्याकाळी वसतिगृहात हातांनी एकमेकांना अख्खी रामलीला सांगायची. मी तिथे बसायला लागले आणि त्यांच्याकडून शिकले. मी त्यांची मास्तरीण होते खरी, पण खुणा त्यांनीच मला शिकवल्या.

मला खुणा येतात हे पोलिसांना कळलं आणि बोलावणी सुरू झाली. "बाई, एक मुका सापडलाय, या जरा." कधी चंद्रपूर, कधी पार गडचिरोलीच्या टोकाला. पहिलंच प्रकरण वरोऱ्याकडच्या एका बाजारातलं. कापसाचा हंगाम, तुडुंब गर्दी. मोबाइल चोरला म्हणून लोकांनी एका तरुणाला धरलं होतं आणि हात मागे बांधून ठाण्यात आणून टाकलं होतं. जमादार मला म्हणाले, "हा नाटक करून राह्यला, बाई. याले आयकू येते. मागून बूट आपटला तं झटकन वळला."

मी म्हटलं, "जमादारसाहेब, फरशी हलली म्हणून वळला तो. त्याला पायातून कळतं. आणि आधी त्याचे हात सोडा. तुम्ही त्याचं तोंड बांधून ठेवलंय आणि म्हणताय बोलत नाही."

हात सुटल्याबरोबर त्या पोरानं पहिल्यांदा काय केलं असेल? शिव्या दिल्या. बाजाराला दिल्या, दोर आणणाऱ्याला दिल्या, बूट आपटणाऱ्याला तर सविस्तर दिल्या. आणि मी त्या सगळ्या, एकही न गाळता, शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात जमादारांना ऐकवल्या. ते लालबुंद झाले.

"बाई, तुम्ही तं चांगल्या घरच्या दिसता."

"मी घरची नाही, नळ आहे. त्या टोकाला जे ओतलं ते या टोकाला पडणार. गाळणी लावायचं काम माझं नाही." मोबाइल त्याच्या बहिणीचाच निघाला. ती गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितली. नळाचं काम कसं असतं ते मला तोवर कळलेलं नव्हतं.

शेवंता चामोर्शीच्या पलीकडच्या एका लहानशा गावची. घर मासेमारीवर जगणारं. गावाला एक बोडी होती, म्हणजे लहान तलाव. त्यात डोंगा, म्हणजे लहान होडी घालून मासे धरायचे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानात रोवणीला जायचं. घरात आई कौसाबाई, मुलगा दिवाकर, त्याची बायको मंदा आणि धाकटी शेवंता. तिला सगळं गाव 'मुकी'च म्हणायचं. विशीची झाली तरी तिचं नाव शेवंता आहे हे शेजारच्या दोन घरांना माहीत नव्हतं.

मंदा बोडीत बुडून मेली. धुणं धुताना पाय घसरला, असं दिवाकरनं सांगितलं आणि गावानं मानलं. क्रियाकर्म झालं. त्यानंतर एका सकाळी शेवंता घरातून निघाली आणि रस्ता विचारता येत नसताना, मंदासोबत एकदा गेली होती तेवढ्या ओळखीवर, चालत मंदाच्या माहेरी पोचली. मंदाचे वडील पत्रूजी अंगणात बसले होते. त्यांच्यासमोर उभी राहून ती हात हलवायला लागली, आणि थांबेचना. पत्रूजी तिला घेऊन पोलिसात गेले. पोलिसांनी मला बोलावलं.

मी गेले तेव्हा पत्रूजी बाकावर बसलेले. मला म्हणाले, "बाई, मले तिचं एवढंच समजलं. हनुवटीले बोट लावते, म्हणजे माही मंदा. मंदाच्या हनुवटीवर गोंदण होतं ना. अन् मंग असं करते." त्यांनी दोन्ही हात पुढे करून खाली दाबले, पाण्यात काही बुडवून धरावं तसे. मग ते हात त्यांना वर उचलता येईनात.

मी शेवंतासमोर बसले आणि माझ्या सगळ्या खुणा वापरून पाहिल्या. तिला एकही कळली नाही. तिच्या मला कळेनात. जी मुलं शाळेत येत नाहीत, दुसऱ्या बहिऱ्याला कधी भेटत नाहीत, ती घरातल्या घरात आपली बोली बनवतात. एका घराची बोली दुसऱ्या घरी चालत नाही. शेवंताची बोली जगात तिघींना येत होती. एक ती स्वतः, दुसरी तिची आई आणि तिसरी मंदा. मंदा नवी नवरी म्हणून आली तेव्हा नणंदेशी बोलायला कोणी नाही म्हणून हौसेनं शिकली होती. दिवाकर कधी शिकला नाही. बहिणीला हाक मारायची तर तो जमिनीवर पाय आपटायचा. त्याला वाटायचं मुकीला काही कळत नाही, आणि कळलं तरी ती कोणाला सांगणार?

तेवढ्यात कौसाबाई आल्या. लेक घरातून गेली म्हणून तिला शोधत धापा टाकत आलेल्या. नाकात चमकी, पदर कमरेला खोचलेला. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दारातच लेक दिसली तशी त्यांनी उजवा पंजा स्वतःच्या पोटावर दोनदा थापटला आणि भुवया उडवल्या. शेवंतानं मान हलवली.

मी विचारलं, "हे काय केलं तुम्ही, बाई?"

त्या हसल्या. "जेवली काय म्हणून इचारलं. लहान होती तवा पोट भरलं का नाई ते असं थापटून पाहो मी. तेच तिचं बोलणं झालं."

आणि मग दोघी बोलायला लागल्या. मी आयुष्यभर खुणा पाहिल्या, पण अशा क्वचितच. कौसाबाईंचं तोंड आणि हात बरोबरीनं चालायचे. एवढी चपळ, एवढी मायेची बोली दोन बायकांनी चुलीपाशी बसून घडवली होती. मी तर बघतच राहिले. आतून इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी मुलीला इथे कशासाठी आणलंय ते कौसाबाईंना सांगितलं. कौसाबाईंचे हात हवेतच थांबले. मग त्यांनी कमरेचा पदर सोडला, दोन्ही हातांवर गुंडाळला आणि भिंतीला टेकून बसल्या. शेवंता विचारत राहिली, काय झालं, हात दुखतात का. त्यांनी उत्तर दिलं नाही.

आता तिचं म्हणणं कोण सांगणार? एक दुभाषी बोडीत मेलेली, दुसरी ज्याच्यावर संशय त्या दिवाकरची आई. मी इन्स्पेक्टरांना म्हटलं, मला वेळ द्या, मी तिची बोली शिकते. ते तरुण होते, समजदार होते. परवानगी काढून शेवंताला आमच्या वसतिगृहात ठेवलं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी मी तिला घेऊन गेले. आत मुलामुलींचा गोंधळ चाललेला, आवाज नाही पण सगळे हात हवेत. भाजी वाढ, तुझं ताट सरकव, काल तू मला चिडवलंस. शेवंता दारातच थांबली. चौकटीला धरून उभी राहिली आणि आत यायलाच तयार होईना. मला वाटलं घाबरली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिनं मला सांगितलं की जगात हातांनी बोलणाऱ्या आपण तिघीच, असं तिला वाटायचं, आणि त्यातली एक मेली. सिनेमाच्या वेळी विलासचा चेहरा पाहिला आणि मला ती चौकटीतली शेवंता आठवली.

मी तिच्यासोबत तांदूळ निवडायला बसायचे, जाळं आणून ठेवायचे, भांडी मांडायचे, आणि ती मला एकेक दाखवायची. माणसांची नावं अशीच कळली. बहिरी माणसं प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवतात, त्याच्या अंगावरचं किंवा सवयीतलं काही धरून. आई म्हणजे नाकातली चमकी फिरवायची. मंदा म्हणजे हनुवटीवर बोट. आणि भाऊ म्हणजे जमिनीवर आपटलेला पाय. तिच्या लेखी त्याचं नाव तेच होतं.

मग एक दिवस दुपारी, तांदळाचं सूप बाजूला ठेवून, तिनं ते सगळं सांगितलं. ती काठावर जाळं वाळत घालत होती. मंदा पाण्यात गुडघाभर उभी. पाय आपटणारा आला. भांडण झालं, तोंडं हलत होती, कशावरून ते तिला माहीत नाही. त्यानं मंदाला मानेला धरून खाली दाबलं. खूप वेळ. मग त्यानं वर पाहिलं तर समोर ही. इथे शेवंतानं त्याचा चेहरा करून दाखवला. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दचकणं नव्हतं. काठावर शेळी बांधलेली असावी तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि डोंगा ओढायला लागला.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले, कारण बाकीचे तांदूळ निवडायचे होते.

कोर्टात शेवंतानं हेच सांगितलं. तिच्यावर व्हिडिओ कॅमेरा लावलेला होता, मी शपथ घेऊन बाजूला उभी. ती कुठेही अडखळली नाही. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता, खोटं कशाला बोलू. मग बचावाचे वकील उठले. उद्धटपणा नाही, आवाज चढवणं नाही.

"बाई, ही मुलगी तुमच्याकडे आली तेव्हा तुम्हाला तिच्या खुणा समजत होत्या?"

"नाही."

"तिला तुमच्या समजत होत्या?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या वसतिगृहात राहून ती बोलायला शिकली. तुमच्याकडून. मग आज ती जे बोलली ते तिचं की तुमचं?"

मी सांगितलं की तिची बोली तिचीच आहे, मी ती शिकले, शिकवली नाही. पण पाण्यातून पाणी वेगळं काढून दाखवता येत नाही. वकील म्हणाले, हिची मूळची बोली असेल तर ती आईला येत असलीच पाहिजे. आईलाच विचारा. न्यायाधीश सरळ माणूस होते. त्यांना ते पटलं. खरं तर ऐकणाऱ्या कोणालाही पटलं असतं.

पुढच्या तारखेला कौसाबाई आल्या. त्या बाहेरच्या कडुलिंबाखाली बसल्या होत्या. मी मुद्दाम गेले.

"कौसाबाई, तुम्हाला सगळं माहीत आहे."

"मले काय माहीत हाय अन् काय नाई, त्यानं काय होते, बाई? मंदा तं गेली. आता याले बी देऊ काय? अन् माह्या मागं मुकीले कोण पाहील? भाऊच पाहील ना."

"त्या भावाजवळ ती परत राहील?"

त्या कोर्टाच्या दाराकडे बघत राहिल्या. हातांवर पदर गुंडाळलेला होता.

आत त्यांना शपथ दिली. शेवंताला समोरच्या बाकावर बसवलेलं, मी तिच्या शेजारी. माझं काम ठरलेलं. त्या खोलीत जे जे बोललं जाईल ते तिला हातांनी सांगायचं. शेवंतानं एक एक खूण करून दाखवली आणि न्यायाधीशांनी विचारलं, "याचा अर्थ काय होतो, बाई?"

कौसाबाई खाली बघत म्हणाल्या, "कायचाच नाई, साहेब. माही पोरगी येडी हाय. तिले बोलणं नाई. नुसती हात हलवते. त्याले काई अर्थ नाई."

शेवंता माझ्याकडे पाहत होती. आई काय म्हणाली?

नळाचं काम म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी तिच्याच बोलीत, तिच्या आईनं चुलीपाशी घडवलेल्या खुणांत, तिला सांगितलं. चमकी फिरवली. आई म्हणते, तुला बोली नाही. तू नुसते हात हलवतेस. त्याला अर्थ नाही.

तिनं मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं.

मग ती आईकडे बघत बसली. ना रडली, ना उठली. तोंड सुकून गेलेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या. वकील पुढचा प्रश्न जुळवत होते, न्यायाधीश मान खाली घालून लेखनिकाला आधीचं उत्तर सांगत होते. कौसाबाईंनी लेकीकडे पाहिलं. आणि त्यांचा उजवा हात पदरातून बाहेर आला, पोटावर दोनदा थापटला आणि भुवया उडाल्या. जेवली काय?

वीस वर्षांची सवय होती ती. समोर भुकेला चेहरा दिसला की हात आपोआप जायचा.

मी ताडकन उभी राहिले. "साहेब, पाहा, त्या बोलल्या! आत्ता बोलल्या तिच्याशी!"

न्यायाधीशांनी मान वर केली. तोवर हात पदरात गेला होता. त्या दिवशी कॅमेरा नव्हता.

"तुम्ही काही खूण केली का, बाई?"

"नाई जी," कौसाबाई म्हणाल्या. "पोटात दुखून राह्यलं."

त्यांना पाणी दिलं. खुर्ची दिली. मला वकिलांनी शांतपणे बसायला सांगितलं. ठाण्यात याच खुणेचा अर्थ कौसाबाईंनीच मला सांगितला होता, हेही मी पुढे शपथेवर सांगितलं. पण मी तर आधीच पढवणारी ठरले होते. माझा शब्द कोण घेणार?

दिवाकर संशयाचा फायदा मिळून सुटला. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे होतं त्यावर त्यांनी निकाल दिला. पत्रूजी निकालानंतर बराच वेळ पायऱ्यांवर बसून होते. मला म्हणाले, "बाई, माही मंदा उगाच शिकली ते हातवारे." शेवंता आईकडे गेली, समोर उभी राहून काहीतरी विचारत राहिली. बाजूला दिवाकर उभा होता. कौसाबाई हात गुंडाळून तशाच उभ्या. मग एस.टी. आली आणि मायलेक चढून गेले. शेवंता खाली राहिली. तिला कोणी चढ म्हटलं नाही.

शाळेत ठेवायला तिचं वय उलटून गेलेलं. मी संस्थेत भांडभांड भांडले आणि तिला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लावलं. पोळ्या छान करायची. मुलांच्या खुणा तिनं भराभर उचलल्या, टिंगल करायला शिकली, मोबाइल घेतला. लोक मला म्हणायचे, बघा, किती सुधारली. पण तिची जुनी बोली हळूहळू तिच्या हातांतून गेली. मी कधी मुद्दाम चमकी फिरवली तर ती तोंड फिरवायची. मग मीही सोडून दिलं. मंदा, आई, पाय आपटणारा, कोणाचंही नाव तिच्या हातावर पुन्हा आलं नाही. ज्या बोलीत तिनं खून सांगितला ती बोली नव्हतीच असं कोर्टात ठरलं, आणि आता खरंच उरली नव्हती.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, शिपायानं सांगितलं, फाटकाशी कोणी म्हातारी बाई उभी आहे. कौसाबाई होत्या. वाळून काटकी झालेल्या.

"दिवाकरनं दुसरी केली," म्हणाल्या. "सून चांगली हाय. पण बाई, माहे हातच थांबत नाई वो. चुलीपाशी बसली की एकटीच हात हलवते मी. पोट्टे हासतात, मले येडी म्हणतात." मग म्हणाल्या, "एकडाव पाहू द्या तिले."

मी त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. शेवंता पोळ्या लाटत होती. तिनं वर पाहिलं. कौसाबाईंनी पदर बाजूला टाकला आणि पोटावर हात दोनदा थापटला, भुवया उडवल्या. मग कितीतरी बोलल्या. सगळं मला नाही कळलं. घर, बोडी, चमकी, पुन्हा पोटावर हात.

शेवंता लाटणं हातात धरून शेवटपर्यंत बघत होती. मग लाटणं खाली ठेवून ती माझ्याकडे वळली आणि शाळेच्या खुणांत, अगदी स्वच्छ, म्हणाली, "ही बाई नुसते हात हलवते. त्याला काही अर्थ नाही."

"काय म्हणते वो?" कौसाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. दुसरं काही मला येत नाही.

कौसाबाईंनी लेकीकडे एकदा पाहिलं. "बराबर हाय तिचं," म्हणाल्या. हातांवर पदर गुंडाळला आणि फाटकाकडे चालू लागल्या. मी पाणी प्या म्हटलं, थांबल्या नाहीत.

मी परत आले तेव्हा शेवंता पुन्हा पोळी लाटत होती. तव्यावरची एक जळून चालली होती, तिचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे न बघता तिनं पिठाचा पंजा पोटावर दोनदा थापटला आणि दाराकडे बोट दाखवलं. त्या जेवून गेल्या का?

मी धावत फाटकाशी गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं.